हवालदाराच्या नाकातली कडी

जोगेश्वरी (पूर्व)
रविवार, २० जुलै १९८६

प्रिय रतन,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. नर्सिंगच्या परीक्षेचा निकाल वाचून मी इतकी खूश झाले, की दवाखान्यात आपापली जनावरं घेऊन बसलेल्या सगळ्यांना पेढे वाटले. एका शेळीने तर माझ्या हातातला पुडाच ओढला आणि कागदासकट खाल्ला. संध्याकाळी तुझ्या घरी जाऊन बाबांना पत्र वाचून दाखवलं. ते खाटेवर होते, पाय उशीवर. ‘फर्स्ट क्लास म्हंजे पयलो नंबर काय?’ असं त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा हो म्हणाले. आता तो नंबर कसा निभवायचा ते तू बघ. आई स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती. मी निघताना हात पदराला पुसून म्हणाली, पत्र ठेवून जाता काय? मी म्हटलं, त्यात मला एक पत्ता लिहून घ्यायचाय, नंतर देते. खोटं बोलले. ते पत्र मी तिला देऊ शकत नव्हते, कारण त्यातल्या शेवटच्या चार ओळी मी वाचून दाखवल्याच नव्हत्या.

त्या ओळी तुला आठवत असतीलच. तू लिहिलं आहेस, ‘मावशी, माझं काहीही होऊ दे, पण मला आईसारखी होऊ देऊ नका. बाबा तिच्या डोळ्यांदेखत पडले असते तरी ती फाटकाबाहेर उभी राहून बघत बसली असती.’ मी तुला रागवायला हे लिहीत नाहीये. तुला जेवढं माहीत आहे त्यावरून तू लिहिलंस. तुला जे माहीत नाही ते सांगायचं काम माझं होतं आणि मी ते पाच महिने टाळलं. हे पत्र लिहायला घेऊन मी दोनदा फाडलं आहे. या वेळी सुरुवातीपासूनच सांगते, म्हणजे मध्येच थांबता येणार नाही.

मी तबेलेवाल्यांच्या सोसायटीत जनावरांची डॉक्टर म्हणून १९८० साली लागले. तू तेव्हा चौदा वर्षांची, दोन वेण्या घालून शाळेत जाणारी. वर्गातल्या मुली ‘रेडेवाल्याची रतन’ म्हणतात म्हणून वळूगोठ्याच्या रस्त्याने न येता लांबून वळसा घालून घरी जायचीस. त्यामुळे गोठा तुला बाहेरूनच माहीत. आजूबाजूच्या तबेलेवाल्यांनी मिळून पैदाशीचे पाच मुऱ्हा रेडे ठेवले होते आणि ते सांभाळायला तुझे बाबा आणि धाकू, असे दोघं. एकेक रेडा सहाशे किलोचा. त्यांना धरायला नाकात सुती दोरीची वेसण. पिढ्यान्‌पिढ्या तीच असते, म्हणून कुणाला त्यात चूक दिसत नव्हती. पण दोरी शेणामुतात भिजते, कुजते, घासते. भोक मोठं होत जातं, त्यात किडे पडतात. मग ज्याचं नाक ठसठसतंय तो रेडा माणूस जवळ येताना दिसला की आधी डोकं उडवतो. धाकूच्या दोन बरगड्या अशाच मोडल्या होत्या आणि सगळे म्हणत होते, रेडा मारका आहे.

मी तांब्याच्या कड्या मागवल्या. दोन अर्धगोल, मध्ये बिजागरी, बंद करायला बारीक स्क्रू. आपले अध्यक्ष चंद्रप्रकाशशेठ त्या हातात घेऊन हसले. ‘डॉक्टरनी, नथ तो ले आयी, अब साडी कब पेहनाओगी?’ सगळा तबेला हसला. नवीन लागलेली, सव्वीस वर्षांची, बोरिवलीहून पर्स घेऊन येणारी बाई. मी रडायच्या बेतात होते. तुझे बाबा हसले नाहीत. त्यांनी एक कडी उचलली, उघडली, मिटली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, ही घालायची कुठे ते दाखवा. मी कॉलेजात शिकलेलं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, लाकडी खोड्यात अडकवून उभ्या केलेल्या रेड्याच्या नाकात दोन बोटं घातली आणि डोळे मिटून चाचपत राहिले. ‘हयसर मऊ लागता, बाई. हयसरच टोचा. मागे हाड आसा.’ मी पुस्तकात वाचलेली जागा त्यांनी बोटांनी शोधली होती, आणि खरं सांगू, माझ्यापेक्षा अर्धा इंच अचूक.

भूल दिली, भोक पाडलं, कडी बसवली. त्यांनी स्क्रूचं डोकं मोडून कानशीने इतकं गुळगुळीत केलं, की सांधा कुठे आहे ते मलाही कळेना. मग चार आठवडे कडीला कुणी हात लावायचा नाही, असं मी सांगितलं होतं. तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या लवूदादांनी, चार आठवडे कोमट मिठाच्या पाण्याने रोज ते नाक पुसलं, धाकूलाही शिवू दिलं नाही. पाचव्या आठवड्यात सहा फुटी बांबू आणला, टोकाला स्प्रिंगच्या कळीचा आकडा बसवून घेतला, तो कडीत अडकवला आणि तो सहाशे किलोचा प्राणी त्यांच्याबरोबर अंगणभर असा फिरला, जसा एखादा जावई सासऱ्यांबरोबर फिरायला निघावा. बांबू मध्ये असल्यामुळे रेडा अंगावर येऊ शकत नव्हता आणि कडी असल्यामुळे ओढायची गरजच पडत नव्हती. चंद्रप्रकाशशेठनी त्याच दिवशी उरलेल्या चौघांनाही कड्या घालायला सांगितलं.

बाबांनी मग स्वतःचे नियम केले. रेड्याला कडीने खांबाला बांधायचं नाही. बिचकला तर नाकच फाटेल. बांधायचं ते गळ्यातल्या साखळीने. बाहेर काढताना माणसं दोन; एकाच्या हातात बांबू, दुसऱ्याच्या हातात तोंडावरच्या मोरकीची दोरी. रेडा कितीही गरीब असो, त्याला पाठ दाखवायची नाही. आणि आकडा लावल्यावर कळ बसली का ते बघितल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. पुढची पाच वर्षं आमच्याकडे कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या मधल्या काळात एका म्हाताऱ्या रेड्याच्या जागी हरियाणाहून नवा रेडा आला, मोठ्या छातीचा, चालताना सगळ्यांकडे संशयाने बघणारा. लवूदादांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं. सोसायटीच्या कामाने खरा हवालदार आला की आमची सगळ्यांची पंचाईत व्हायची.

तुझी आई रोज दुपारी एकला डबा घेऊन यायची. फाटकाबाहेर उभी राहायची, लोखंडी सळ्यांना धरून. आत ये म्हटलं तरी यायची नाही. बाबा रेडा फिरवत असले तर त्यांचं होईपर्यंत तशीच उभी. मीही तुझ्यासारखंच समजत होते गं. मनात म्हणायचे, एवढी कसली भित्री बाई, नवरा जन्मभर हेच काम करतोय आणि ही अजून पाऊल आत टाकत नाही. एकदा मी तिला थट्टेने म्हटलंही, की रेडे तुम्हाला खात नाहीत. तिने हसून डबा सळ्यांमधून आत दिला.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. बाबा ओल्या फरशीवरून घसरले, मांडीचं हाड मोडलं आणि तासभर कुणाच्या लक्षात आलं नाही, असं तुला कळवलं होतं. ते खरं नाही.

त्या मंगळवारी हवालदाराचं रक्त तपासणीसाठी घ्यायचं होतं. धाकू पुतणीच्या लग्नाला गावी गेलेला. लवूदादा म्हणाले, ‘बाई, धाकू उद्या येतलो. उद्या करूया.’ मला त्याच दुपारी नमुना पोचवायचा होता. मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे, दोरी मी धरते. नाही म्हणायचं त्यांच्या जिभेवर होतं, पण मी डॉक्टर ना. खोड्यात रक्त घेतलं, ते नीट झालं. हवालदाराला परत न्यायचं म्हणून त्यांनी बांबूचा आकडा मला लावायला सांगितला, कारण ते मोरकीचा पट्टा सारखा करत होते. मी लावला. कळ बसली का ते बघितलं नाही. अंगण अर्धं ओलांडलं आणि मला आठवलं, की रक्ताच्या नळ्या कठड्यावर उन्हात राहिल्यात. मी हातातली दोरी टाकली आणि वळले. एका मिनिटात मी तुझ्या बाबांचे तीन नियम मोडले होते.

लोंबणाऱ्या दोरीवर हवालदाराचाच पाय पडला, त्याच्या डोक्याला हिसका बसला, तो बिचकला आणि आकडा कडीतून निसटला. माझी पाठ त्याच्याकडे होती. मला फक्त लवूदादांचं ‘बाई!’ ऐकू आलं. मी वळून बघते तो ते माझ्या आणि रेड्याच्या मध्ये. पुढच्या क्षणी त्याने त्यांना भिंतीशी दाबलं होतं, डोकं खाली घालून, सगळं वजन टाकून. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तू नर्स होणार आहेस, तो आवाज कसा असतो हे तुला सांगायला नको. आणि मी काय केलं? मी पाण्याच्या टाकीमागे गेले. गेले म्हणजे पळाले.

एक वाजला होता. फाटक उघडल्याचा आवाज आला. तुझ्या आईने डबा कठड्यावर ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग ती भिंतीच्या कडेकडेने चालत आली, धावली नाही, आणि चालता चालता बाबा ज्या आवाजात त्याला बोलावतात त्याच आवाजात बोलत होती, ‘ये बाबा, ये, ये…’. समोरून गेली नाही. खांद्याच्या बाजूने गेली, डावा हात त्याच्या मानेवर ठेवला, उजवा हात हळूच हनुवटीखालून घातला, दोन बोटं कडीत अडकवली आणि कडी वर उचलली. ओढली नाही, रतन. उचलली. त्याचं डोकं वर आलं आणि भिंतीवरचं वजन सुटलं. ती त्याला बोलत बोलत मागे नेत राहिली, एक पाऊल, आणखी एक पाऊल. त्याचा खांदा तिच्या डोक्याइतका उंच होता. दहा पावलं मागे आल्यावर तिने मान न वळवता मला हाक मारली. ‘आकडो लावा, बाई. कळ बसली काय नीट बघा.’ मला तिसऱ्या खेपेला जमलं. तिने स्वतः अंगठ्याने कळ दाबून पाहिली, मगच कडी सोडली, बांबू धरला, हवालदाराला त्याच्या जागी नेलं, गळ्यात साखळी घातली आणि बाहेर येऊन अडसर लावला. मग लवूदादांपाशी बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आणि मला म्हणाली, ‘माजी एक चप्पल खय गेली?’ ते म्हणताना तिचे दात वाजत होते.

हॉस्पिटलच्या बाकावर मी तिला विचारलं, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? ती म्हणाली, कोणीच नाही. ‘मी भियतंय ना, म्हणान सगळा बघून ठेवलंय. जो भियत नाय तो कशाक बघतलो?’ लग्न होऊन या गोठ्यापाशी आली तेव्हापासून ती रोज सळ्यांना धरून हेच बघत होती, की रेड्याने अंग टाकलं तर हात कुठे घालायचा, कुठल्या बाजूने जायचं. कड्या आल्यावर तिने घरी पितळेच्या डब्याच्या कडीत बोटं घालून पाहिली होती, किती बोटं मावतात म्हणून. जेवताना बाबांना एकेक प्रश्न विचारायची आणि ते थट्टा करायचे, तुका काय नोकरी करूची आसा काय?

तुला न सांगायचं बाबांनी ठरवलं. ‘परीक्षा जाव दे. तिका सांगू नकात.’ माझं नाव यात येऊ नये हेही त्यांनीच ठरवलं. सोसायटीला फरशीचंच कारण सांगितलं. मी मान्य केलं, कारण ते मला सोयीचं होतं. मे महिन्यात तू चार दिवस आलीस. शेवटच्या दिवशी मी औषधं घेऊन दारात आले तेव्हा तू आईला म्हणत होतीस, तू कधी आत पाऊल टाकलं असतंस तर बाबा तासभर तिथे पडून राहिले नसते, जन्म गेला तुझा फाटकाबाहेर. आई भाकऱ्या थापत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी सांगितलं, गप्प राहा. मी गप्प राहिले. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

पुढचंही ऐक. बाबा आता काठीने चालतील, पण रेडा पुन्हा धरता येणार नाही. धाकू एकटा पडला, म्हणून शेठनी बाहेरून माणसं आणली. पहिला चार दिवसांत पळाला. दुसरा अंगाने दणकट. त्याने आपली ताकद दाखवायला हवालदाराला कडीने ओढलं, नाकातून रक्त काढलं. तुझी आई तेव्हा अंगणात शेण भरत होती. त्या मंगळवारनंतर ती फाटकाबाहेर थांबत नाही. तिने त्या माणसाच्या हातातून बांबू काढून घेतला. भांडली नाही. त्याने सोडला, कारण तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणीही सोडला असता. आज दीड महिना झाला, धाकूबरोबर तीच रेडे काढते. रोज सकाळी पाचही कड्यांवरून अंगठा फिरवते. जूनमध्ये मला म्हणाली, हवालदाराची कडी एका बाजूने झिजलीय. मला डोळ्यांनी दिसेना. काढून पाहिली तर खरंच, आतल्या बाजूला सुतळीइतकी बारीक झालेली; आणखी पंधरा दिवसांत तुटली असती. मी नवी बसवली तेव्हा डोकं तिने धरलं होतं. चंद्रप्रकाशशेठ बघायला आले होते. या वेळी साडीचा विनोद त्यांनी केला नाही. ‘बाई का हाथ है, यार,’ असं धाकूला म्हणाले. मी जनावरांची डॉक्टर आहे, चांगली आहे असं लोक म्हणतात, पण इतकं घाबरणारं आणि इतकं शांत माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाबांना यातलं सगळं माहीत आहे. रोज दुपारी ते तिला खाटेवरून प्रश्न विचारतात, ती उत्तरं देते आणि मध्येच म्हणते, बस झाला, जेवा आता. ते हल्ली तिची थट्टा करत नाहीत.

आणि आता मी हे का लिहिते आहे ते. सोसायटीने तुझ्या आईला कायमची नोकरी देऊ केली आहे, बाबांच्या जागी, त्यांच्याच हुद्द्यावर. आपल्या या पट्ट्यात कुठल्याही वळूगोठ्यावर अजून बाई नाही. कागद आठ दिवस झाले तयार आहे, पण ती सही करत नाही. आधी वाटलं घाबरतेय. मग परवा गोठ्यात, बांबू पुसता पुसता, तिनेच सांगितलं. ‘रतनाच्या लग्नात कोणी इचारल्यान, आवस काय करता म्हणान, तर पोरगी काय सांगतली? रेडे राखता?’ बापामुळे तू वळसा घालून घरी जायचीस, हे तिने तेव्हाच पाहिलं होतं. आईमुळे तुला आणखी लांबचा वळसा पडू नये, एवढंच तिचं म्हणणं. ती तुला हे कधी विचारणार नाही. तिला ही नोकरी हवी आहे, रतन, मी तिचा चेहरा बघितला आहे. मी हे पत्र लिहितेय हे त्या दोघांनाही माहीत नाही, आणि माझी चूक मी उद्या शेठना स्वतः जाऊन सांगणार आहे, त्याची काळजी तू करू नकोस. तुझ्याकडून मला उत्तर नको. तिने सही करावी असं तुला वाटत असेल तर एक कार्ड तिच्या नावाने टाक, बाबांच्या नावाने नको. ती चौथी शिकलेली आहे, सुटं आणि मोठं अक्षर लिहिलंस तर तिचं तिला वाचता येईल. शनिवारी शेठना कागद परत द्यायचा आहे, त्याआधी पोचायला हवं.

तुझीच,
डॉक्टरमावशी
(सुहासिनी)